शकुंतलेच्या बाजूनं, तलावाच्या पाळीवरून: विदर्भात मुरमाच्या वाटांवर सायकल कशी चालवायची

मी दारव्ह्याची आणि मामाचं गाव पूर्वेला अर्जुनी मोरगावकडं, त्यामुळं विदर्भाची दोन्ही टोकं सायकलवरून बऱ्यापैकी पाहून झालीत, इकडं काळी माती, कापसाची पऱ्हाटी आणि शकुंतला या बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ, तिकडं धान आणि तलाव. चार वर्षांपूर्वी हायवेवर एक ट्रक इतका चिकटून गेला की त्याच्या हवेनंच मी साइडपट्टीवरून खाली गेले, कोपर सोलून निघालं, आणि त्या दिवशीच ठरवलं की यापुढं डांबर फक्त गावाबाहेर पडण्यापुरतं. मग शोधायला लागले तेव्हा कळलं की गाड्या नसलेल्या वाटा आपल्याकडं भरपूर आहेत, फक्त त्यांना कुणी ट्रेल म्हणत नाही की बोर्ड लावत नाही. कुठून जाता, सायकल कुठली, काट्यांचं काय करता असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी वाटा कोणत्या ते. सगळ्यात जास्त आहेत त्या पांदणी, म्हणजे वावरात जायचे गाडरस्ते, त्यातल्या काहींवर मुरूम पडलाय आणि काही नुसत्या मातीच्या. दुसऱ्या, कॅनॉलच्या कडेच्या वाटा, पूर्वेकडं कॅनॉलला नहर म्हणतात, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यांना फिरायला मुरूम टाकून केलेल्या असतात आणि माझ्या मते नवख्या माणसासाठी याच सगळ्यात सोप्या, कारण पाण्याला वाहायला अगदी हलका उतार लागतो म्हणून कॅनॉल डोंगराच्या कडेकडेनं सपाटच जातो आणि वाटही त्याच्यासोबत सपाट जाते. तिसऱ्या, तलावाच्या पाळी, म्हणजे पाणी अडवणारे मातीचे बांध. आणि चौथी, माझ्या सगळ्यात जवळची, शकुंतलेच्या बाजूची वाट.

शकुंतलेबद्दल थोडं सांगते. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, अडीच फुटाची नॅरोगेज, कापूस वाहून न्यायला घातलेली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं, आणि आता कितीतरी वर्षं गाडीच बंद आहे. रेल्वेची वाट सायकलला चांगली का, तर आगगाडीला चढ झेपत नाही, शंभर मीटरला दोन मीटर चढ म्हणजे तिच्यासाठी खूप झाला, म्हणून जुन्या लोकांनी टेकडी आली की वळसा घातला आणि खोलगट आलं की भराव टाकला. अमेरिकेत मिसुरी राज्यात बंद पडलेल्या अशाच एका लाइनवर चुनखडीचा बारीक चुरा दाबून केटी ट्रेल केलाय, ३८५ किलोमीटरच्या आसपास, त्यावर मोटारगाडी नाहीच. आपल्याकडं तसं काही झालेलं नाही, ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवूनच निघायचं. रूळ बऱ्याच ठिकाणी अजून जागेवर आहेत, जमीन रेल्वेची आहे, आणि रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणं परवानगीशिवाय रेल्वेच्या जागेत घुसलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून रुळावरून, भरावावरून, दोन रुळांच्या मधून सायकल नाही म्हणजे नाही. आपण चालवायची ती भरावाच्या खालून वावरांना लागून जाणारी बंडीवाट, म्हणजे बैलगाडीची वाट, जिथून शेतकरी रोज ये-जा करतात. ती सलग नाही, कुठं दोन किलोमीटर मिळते, कुठं सहा, मध्ये तुटली की पांदणीनं गावात जायचं आणि पुढं परत धरायची.

या बंडीवाटेचा एक धडा मला उशिरा कळला. रूळ सपाट जातात पण खालची वाट सपाट जात नाही, नाला आला की रूळ पुलावरून सरळ निघून जातात आणि वाट नाल्यात उतरते. अशा वेळी वाटतं की सायकल खांद्यावर घेऊन पुलावरून पटकन पलीकडं जावं. अजिबात जायचं नाही. स्लीपर कुजलेत, मधल्या फटीतून खालचं पाणी दिसतं, आणि पाय अडकला तर सोबत सायकलचं ओझं. बंड्या नाला कुठून ओलांडतात ते बघायचं, शंभर-दोनशे पावलांवर वर किंवा खाली तिरपा उतार सापडतोच, चाकोऱ्या दिसतात. गावाच्या फाटकापाशी रूळ ओलांडायचे असले तर एकदम काटकोनात ओलांडायचे, तिरपं गेलं की पुढचं चाक रुळाच्या खाचेत बसतं आणि आपण हँडलवरून पुढं.

यवतमाळहून दारव्ह्याकडं आलं तर मिळून उतार जास्त, कारण यवतमाळ उंचावर आहे, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यानं याच दिशेनं यावं. लाडखेड ते दारव्हा हा तुकडा मी नवीन लोकांना दाखवते. मूर्तिजापूरच्या पुढं बनोसा, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरची जी बाजू आहे ती दिसायला सुंदर, लांब सातपुड्याची रेघ दिसते, पण तिथं दोन अडचणी. एक, मूर्तिजापूर-दर्यापूरचा भाग खारपाणपट्ट्यात येतो, विहिरीचं पाणी खारट, त्यामुळं पाणी घरूनच तीन लिटर न्यायचं, वाटेत बोरिंग दिसली तरी तिच्या भरवशावर राहू नका. दोन, तिथली काळी माती खोल.

काळ्या मातीबद्दल जरा सविस्तर लिहावंच लागेल कारण बाहेरून आलेले सगळे इथंच फसतात. सुकलेली असली तर काळी माती सिमेंटसारखी, छान पळते सायकल. पण पाऊस पडून गेला की ती चाकाला धरते, आधी पातळ थर, मग त्या थराला अजून थर, मग त्यात काडीकचरा, आणि दहा-पंधरा चक्करमध्ये मडगार्ड आणि ब्रेकच्या मधली जागा पूर्ण भरून चाक जाम. फिरतच नाही. मी एकदा ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी गेले होते, घराजवळचीच पांदण होती, अर्धा किलोमीटर जायला तासभर लागला, दर वीस पावलांवर पळसाच्या काडीनं चिखल उकरायचा आणि परत ढकलायचं, शेवटी खांद्यावर घेतली तर सायकल दुप्पट जड झालेली. एका म्हाताऱ्या बाबांनी धुऱ्यावरून हाक मारली, "अवं बाई, इकडून ये वं, मुरमाटीतून, तिकडं गारा हाय नुसता." तेव्हापासून नियम असा, चांगला पाऊस झाला की काळ्या मातीत चार दिवस जायचं नाही, मुरमाच्या वाटेवर दुसऱ्या दिवशी चालतं. जायची वेळ आलीच तर मडगार्ड काढून घरी ठेवायचे, आणि वाटेच्या मधल्या गवताच्या पट्टीवरून चालवायची, चाकोरीतून नाही.

सीझन म्हणजे दिवाळी ते होळी. होळीनंतर ऊन असं लागतं की अकरा वाजता वाटेवर थांबायला सावली शोधावी लागते, मे महिन्यात तर पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा वावराच्या आत कुठंतरी एकटं पंक्चर होऊन बसणं जिवावर बेतू शकतं. थंडीत पश्चिमेकडं मी सात वाजता निघते आणि बारापर्यंत परत.

सायकल कुठली घ्यावी यावर लोक फार वेळ घालवतात. ग्रॅव्हल बाइक, म्हणजे मुरूम-गिट्टीच्या वाटांसाठीची सायकल, असली तर उत्तमच, पण ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर बसतो अशी कुठलीही हायब्रिड चालते, एमटीबी (माउंटन बाइक) पण चालते, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं की आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलचा २८ बाय दीडचा टायर बरोबर ४० मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे आजकाल ज्याला ग्रॅव्हलचा टायर म्हणतात तेवढाच. दूधवाले आणि शाळामास्तर पन्नास वर्षं याच टायरवर याच पांदणीतून फिरले. गिअर नसला तर चढावर उतरून ढकलायचं, त्यात काही कमीपणा नाही. फक्त रेसिंगची पातळ टायरवाली सायकल आणू नका, मुरमात पुढचं चाक घसरतंच.

हवा कमी ठेवायची. सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३५ ते ४० पीएसआय पुरते. दुकानदार सवयीनं दगडासारखी हवा भरून देतो, मग हात बधिर होतात आणि गिट्टीवर सायकल उडत राहते. अंगठ्यानं टायर दाबला तर थोडा दबला पाहिजे. फार कमी केली तर मात्र दगडावर आपटून रिम आणि टायरच्या मध्ये ट्यूब चिमटते, साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

आता काटे. विदर्भात गाड्या नसलेल्या वाटेवर सायकल चालवायची म्हणजे पंक्चर काढता आलंच पाहिजे, दुसरा इलाज नाही. बाभळीचा काटा लांब असतो, तो दिसतो तरी. खरा त्रास सराट्याचा, गोखरू म्हणतात तो, जमिनीला चिकटून वेल पसरते, पिवळी बारकी फुलं, आणि फळ असं की कसंही पडलं तरी एक काटा वर. पावसाळ्यात वेल हिरवी असते तोवर ठीक, दिवाळीनंतर वेल सुकते आणि फळं वाटेवर सुटी पडतात, म्हणजे नेमकी आपल्या सीझनमध्ये. लाडखेडच्या अलीकडं एकदा मी फोटो काढायला वाटेच्या कडेला सायकल उभी केली, परत निघाले तर दोनशे मीटरवर मागचं चाक बसलं, बघते तर एका टायरमध्ये सात सराटे. सात! तेव्हापासून सायकल वाटेच्या मधोमधच थांबवते, कडेच्या गवतात नेत नाही.

काय करायचं ते सांगते. दर चार-पाच किलोमीटरला उतरून, जुना हातमोजा घालून, चाक हळू फिरवत टायरवरून हात फिरवायचा, वरवर लागलेले काटे आत जायच्या आधीच निघतात. टायरच्या आतून लायनर टाकायचा, विकत मिळतो, नाहीतर जुनी ट्यूब उभी कापून तिचीच पट्टी करून ट्यूब आणि टायरच्या मध्ये बसवायची, सायकल थोडी जड चालते पण निम्मे काटे तिथंच अडतात. ट्यूबलेस करणार असाल तर सीलंट, म्हणजे टायरच्या आत भोकं बुजवणारं द्रव, आपल्या उन्हात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी बघून परत भरावं लागतं. आणि ट्यूब बसवताना वॉल, म्हणजे हवा भरायची नळी, नेहमी टायरवरच्या कंपनीच्या नावासमोर येईल अशी बसवायची, म्हणजे ट्यूबमध्ये भोक सापडलं की ती टायरला लावून बघायची, टायरमध्ये काटा नेमका कुठं बसलाय ते लगेच कळतं. काटा टायरमध्येच ठेवून नवीन ट्यूब टाकली की ती पण दहा मिनिटांत जाते, आतल्या बाजूनं बोट फिरवून, टोचला की चिमट्यानं ओढून काढायचा, आणि एक सापडला म्हणून थांबायचं नाही, पूर्ण गोल फिरवायचा.

सोबत दोन ट्यूब, पॅच, सोल्यूशन, पॉलिशपेपर, टायर काढायचे लिव्हर, छोटा पंप, एक्सेलला नट असतील तर १५ चा पाना. गावात पंक्चरचं दुकान असतं पण तिथं ७०० सी ची, म्हणजे हायब्रिड-ग्रॅव्हलच्या मापाची, ट्यूब मिळत नाही, २८ इंची मिळते. ती अडीअडचणीला ७०० सी च्या ३५-४० टायरमध्ये बसते, मी बसवून चाळीस किलोमीटर घरी आलेय, फक्त तिची वालट्यूबची वॉल जाड असते. तुमच्या रिमचं भोक बारीक वॉलचं असेल तर ती घुसणार नाही, हे घरीच बघून घ्या.

पूर्वेकडं गेलं की सगळंच बदलतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून साडेसहा हजारांच्या वर जुने मालगुजारी तलाव आहेत, लोक मामा तलाव म्हणतात, गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधायला सुरुवात केलेली, दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालून. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, १९५० च्या कायद्यानं गेली पण नाव राहिलं. गावातला छोटा तलाव म्हणजे बोडी. एका गावाच्या पाळीवरून उतरून बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, कडेकडेनं पुढच्या गावाच्या पाळीवर चढायचं, असं दिवसभरात पाच-सहा तलाव होतात, आणि डांबर लागतं ते फक्त ओलांडण्यापुरतं. मोठं हवं असेल तर इटियाडोह धरणाच्या नहरेची वाट, नहर धरून तासन् तास जाता येतं, गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, तिथं थांबून खाऊन घेतलं की बरं वाटतं. धरणाच्या मुख्य भिंतीवर मात्र सायकल नेऊ नका, तिथं बंदी असते, आणि चौकीदाराशी वाद घातला की पुढच्या माणसाची नहरेची वाट पण बंद होते. नवेगाव बांधच्या तलावाला पूर्ण चक्कर मारायचं स्वप्न सगळ्यांचंच असतं, पण मागची बाजू राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्पाची आहे, गावाकडच्या बाजूनं जितकं खुलं आहे तितकंच.

पाळीवर चालवायची पद्धत वेगळी. वाट दोन-तीन हात रुंद, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली धानाची बांधी, आणि मोहाची, आंब्याची मुळं वाटेवर आलेली. नजर चाकाच्या समोर ठेवायची नाही, दहा-पंधरा पावलं पुढं ठेवायची. मुळावर ब्रेक दाबायचा नाही, आधीच स्पीड कमी करून पायडल सपाट ठेवून वरून जाऊ द्यायचं. सांडवा आला की उतरा, दगडावर शेवाळ असतं आणि पाणी बोटभर दिसलं तरी पाय सुटतो. डिसेंबरमध्ये एकदा मी मामाच्या गावच्या पाळीवर सकाळी आठला होते, पाण्यावरून वाफ निघत होती, आणि समोर पाळीवर ढिवरांनी जाळी वाळायला पसरलेली, पूर्ण वाट भरून. बारीक नायलॉनची जाळी, त्यात अजून दोन-तीन झिंगे अडकलेले. मी सायकल उचलून खालून जायला लागले तर एकानं स्वतःच जाळं गोळा करून वाट दिली आणि वर मूठभर शिंगाडे दिले. त्या जाळीवरून चाक गेलं असतं तर त्या माणसाची दोन दिवसांची शिवण वाढली असती. नोव्हेंबरात असंच धान वाळायला टाकलेलं असतं, वाट मोकळी दिसली नाही तर उतरायचं, बाजूनं जायचं, बाजूच नसली तर मागं फिरायचं.

अशाच अजून काही गोष्टी. समोरून बंडी आली तर थांबायचं, सायकल कडेला, आणि मोठ्यानं रामराम घालायचा, बैलाला माणसाचा आवाज आला की तो बुजत नाही, सायकल गुपचूप येते म्हणून बुजतो. तलावाच्या घाटावर बायका कपडे धूत असतात, लांबूनच घंटी वाजवायची आणि मोबाइल खिशात. सारस दिसला तर, महाराष्ट्रात तो उरलाय मुख्यतः गोंदियाकडंच, वाटेवरूनच बघायचा, बांधीत उतरून जवळ जायचं नाही. कुत्रं अंगावर आलं तर पळवू नका, उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत निघा.

कुंपणाच्या तारेला कुठंही हात लावायचा नाही. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पिकात येऊ नयेत म्हणून बऱ्याच वावरांना झटका मशीन लावलेलं असतं, त्या झटक्यानं जीव जात नाही, पण काही ठिकाणी लोक रात्री सरळ लाइनचा करंट सोडतात आणि त्यानं माणसं मेलीत. त्यामुळं अंधारात शॉर्टकट म्हणून वावरात घुसणं बंद.

आणि वाघ. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात वाघ जंगलातच राहतो असं नाही, तलावावर पण येतो, तिथली माणसं या भीतीत रोज जगतात. घोडाझरीचा तलाव कितीही आवडला तरी २०१८ पासून त्याच्या आजूबाजूला अभयारण्य आहे, परवानगीच्या बाहेर जाऊ नका. त्या पूर्ण भागात मी सकाळी आठच्या आधी आणि दुपारी चारनंतर सायकलवर नसते, एकटी तर नसतेच, आणि निघायच्या आधी गावात विचारते. पोरांना नाही विचारायचं, गुराख्याला विचारायचं, वाघाच्या पावलाचा ठसा, कालचा पग, कुठं दिसला ते त्याला पक्कं माहीत असतं. २०२१ पासून गडचिरोली-गोंदियाकडं हत्ती पण फिरताहेत, त्यामुळं वनरक्षक "आज नका जाऊ" म्हणाला तर त्या दिवशी पोहे खाऊन परत यायचं.

बायकांसाठी एक सांगते, एकटी गेलात तर घरी नुसतं "फिरायला जाते" असं सांगू नका, गावांची नावं क्रमानं लिहून द्या, आणि वाटेत वावरात निंदणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायकांशी दोन शब्द बोलत जा. त्या परतीच्या वेळी आठवणीनं बघतात, मला तर आता "आज उशीर झाला वं" म्हणून विचारतात.

वाट शोधायला मोबाइलवर सॅटेलाइट नकाशा मोठा करून बघा. मुरूम तांबूस-पांढरा दिसतो, काळी माती काळीच दिसते, कॅनॉल बारीक वाकडी रेघ आणि तिच्या शेजारी दुसरी रेघ असते ती आपली वाट. नकाशा डाउनलोड करून ठेवा, रेंज जाते. पहिल्या वेळी पंधरा किलोमीटरच्या वर ठरवू नका, मुरमात डांबराच्या निम्मा स्पीड धरा.

घरी आल्यावर काळी माती लागलेली असेल तर लगेच पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, माती चाकाच्या हबच्या आणि पायडलच्या मधल्या बॉटम ब्रॅकेटच्या बेअरिंगमध्ये घुसते. रात्रभर सुकू द्या, सकाळी काडीनं आणि जुन्या ब्रशनं ठोकून पाडा, नुसत्या ओल्या फडक्यानं पुसा, चेन कोरडी करून एकेका कडीवर तेलाचा एक थेंब, आणि वरचं तेल पुसून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी फुफाटा त्यालाच चिकटतो.